खायला चांगलं, पाठवायला नाही

सन एकोणीसशे पस्तीस, आणि मी एकोणीस वर्षांचा. एवढं एकदा लिहून टाकलं म्हणजे तारखांचं काम संपलं. यापुढं कोणी मला तारीख विचारू नये. शाळा मी चौथीत सोडली. मास्तरांनी काढलं नाही, मी सोडली, हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात ही गोष्ट अजून उलटी सांगतात. न केलेल्या चुकीसाठी मास्तरांनी मला अंगठे धरायला सांगितले आणि मी वाकलो नाही, एवढीच गोष्ट. पाटी बगलेत मारली, घरी आलो आणि बाबांच्या शेजारी संत्री छाटायला, म्हणजे निवडून वेगळी करायला, बसलो. बाबांनी काहून, कसं, एका शब्दानं विचारलं नाही. एक टोपलं माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, "हात धुवून घे आंधी. अंगठा सुका पाह्यजे."

आमचं घर नागपूर स्टेशनाच्या अलीकडे, संत्र्याच्या मंडईला लागून. दोन कौलारू खोल्या, मागं न्हाणी आणि पुढं घराच्या चौपट आवार. त्या आवारातच आमचं सगळं चालायचं. थंडी सुरू झाली की उजाडायच्या आत काटोल-नरखेडकडच्या गाड्या यायच्या, बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजायच्या, आणि मग अंगणात संत्र्यांचा ढीग पडायचा तो आवाज. धबधब नाही, तो एक मऊ, भरलेला आवाज असतो. पोतंभर पाळलेली मांजरं एकदम अंगणात सोडल्यासारखा. एका कोपऱ्यात बुरूड बांबू चिरत बसायचे, त्याची चर्र-चर्र. पलीकडे रुळांवर इंजिन डबे जोडायचं, त्याचा धडाका बसला की आमच्या फळीवरची भांडी किणकिणायची. माय म्हणायची, आपल्या घरची भांडी रेल्वेच घासते. जेवण म्हणजे भाकर, वरण, अंबाडीची भाजी आणि हंगामात संत्र्याच्या सालीची कडू-आंबट चटणी. ती चटणी आता कोणी करत नाही. सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "मामाजी, साल कचऱ्यात टाकतात." मी ते बोलणं मनावर घेतलं नाही, पण विसरलोही नाही.

बाबा करंड्या भरायचे; त्यांच्या करंडीतलं फळ ते स्वतःच छाटायचे, माझं टोपलं वेगळं. संत्रं छाटायचं, गवत अंथरायचं, थरावर थर लावायचे, वर बांबूचं झाकण आणि सुतळीची गाठ. ऐकायला सोपं आहे. पण संत्र्याची एक खोड सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. झाडावर जरा जास्त राहिलेल्या फळाची साल आतल्या गरापासून सुटते, मोठ्या भावाचा कोट धाकट्यानं घातल्यासारखी. बाहेरून काही कळत नाही. रंग तोच, वजन जवळजवळ तेच. असं फळ वाईट नसतं, बरं का. उलट गुळासारखं गोड असतं, सोलायला तर हात लावायचा अवकाश. पण ते करंडीत घालून तीन दिवस रेल्वेत पाठवलं की वरच्या भारानं चेपतं, फुटतं, आणि शेजारच्या दहांना घेऊन सडतं. म्हणून असं सुटलेलं फळ गावातल्या हातगाडीला आणि घट्ट फळ दूरच्या गाडीला. हे ओळखायचं ते अंगठ्यानं. फळ हातात घ्यायचं, अंगठा हलका दाबायचा; साल खाली गेली की बाजूला. बाबा म्हणायचे, "डोळ्याले रंग दिसते, अंगठ्याले खरं दिसते."

आणि गाठ. मंडईत प्रत्येक भरणाऱ्याची गाठ वेगळी. बाबांची म्हणजे दोन फेरे सुलटे, एक उलटा, आणि सुतळीचं शेपूट आत खोचलेलं. गाठ म्हणजे त्या माणसाची जबान. घेणारा करंडीच्या फटीतून बोट घालून फळ चाचपायचा, पण चारचौघांत दुसऱ्याची गाठ कोणी सोडायचं नाही. सोडली म्हणजे त्याच्या तोंडावर खोटारडा म्हटल्यासारखं. या एका गोष्टीवरून मंडईत डोकी फुटलेली मी पाहिली आहेत.

त्या वर्षी बाबांचं आम्हाला भारी कौतुक होतं, कारण ते निखाऱ्यातले रोडगे हातानं काढायला लागले होते. आवारात गोवऱ्यांचा जाळ करून कणकेचे गोळे आत भाजायला टाकायचे, आणि ते फुलले की आम्ही चिमटा शोधायचो. बाबा चिमटा-बिमटा काही नाही, सरळ हात घालायचे. "पाह्य वं, तुह्या नवऱ्याचा हात," असं मायला म्हणायचे. माय तूप वाढता वाढता हसायची. गल्लीतली माणसं मुद्दाम पाहायला यायची. मी छाती काढून उभा राहायचो.

तर त्या थंडीत एका गोऱ्या कंपनीनं मंडईजवळ गोदाम घेतलं. नाव लिहीत नाही, आता ती कंपनीही नाही. कलकत्त्याला संत्री पाठवायची. त्यांची पंचाईत अशी झाली की ज्यांना इंग्रजी येई त्यांना संत्रं कळेना, आणि ज्यांना संत्रं कळे त्यांच्या तोंडून यस सरच्या पुढं काही निघेना. साहेबाला पाहिजे होता पारखी, करंडी पाहून इंग्रजीतून सांगणारा. महिनाभरानं साहेब स्वतः उमेदवार पाहणार, असं बडेबाबूंनी मंडईत येऊन सांगितलं. बडेबाबू म्हणजे त्या गोदामातले मुख्य कारकून.

मी त्याच संध्याकाळी घरी जाहीर केलं, "मी इंग्रजी शिकतो."

माय म्हणाली, "मराठी झाली वाटते शिकून."

आमच्या गल्लीतला मनोहर तिथंच उभा होता. मॅट्रिक पास, भांग पाडलेला, शर्टाच्या खिशाला फाउंटनपेन लावलेला. तोही त्या जागेवर डोळा ठेवून होता. तो म्हणाला, "गुलाब, इंग्रजी म्हणजे का संत्रं आहे काय गा, अंगठ्यानं दाबून पाहाले?" सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "शीक. पण अंगठा इसरू नको." माझं ठरलं. एकदा माझं ठरलं की मग मी माझंही ऐकत नाही.

महाल या जुन्या वस्तीत पंत राहायचे. चाळीस वर्षं कचेरीपुढच्या झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिलेले, आता गुडघे धरले म्हणून घरी. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या कारकिर्दीत आलेले, आणि बोलणं अजून तसंच, घडी घातलेलं. मी ओट्यापाशी उभा राहून सांगितलं की महिन्यात इंग्रजी पाहिजे. त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. म्हणाले, "महिन्यात इंग्रजी येत नाही. साहेबापुढे उभं राहण्यापुरतं येतं. रोज सकाळी ये, आणि येताना एक संत्रं आण."

पहिल्या दिवशी मी ढिगातलं देखणं संत्रं नेलं. पंतांनी विचारलं, "कसं आहे?" मी म्हटलं, "चांगलं."

"कशाला चांगलं?"

"म्हणजे?"

"अरे, देवापुढे ठेवायला चांगलं, खायला चांगलं, की कुणाला फेकून मारायला चांगलं?"

माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. हा तर बाबांचा प्रश्न! आवारात कोणी नुसतं 'चांगलं' म्हटलं की बाबा हातातलं काम थांबवून विचारायचे, "कायले चांगलं? खायले, का पाठवाले?" मला वाटलं होतं ते आमच्या धंद्यातलं बोलणं आहे. पंतांनी पाटीवर लिहिलं आणि वाचलं: गुड टू ईट. खायला चांगलं. फिट टू सेंड. पाठवायला लायक. ईझी टू पील. सोलायला सोपं. इंग्रजीत एक गुणाचा शब्द ठेवायचा, पुढं कामाचा शब्द ठेवायचा आणि दोहोंच्या मधे 'टू' ची गाठ मारायची. पंत म्हणाले, "नुसता गुणाचा शब्द अर्धवट असतो. पुढचं काम जोडलं की त्याचा खरा अर्थ ठरतो. तेच फळ, गुड टू ईट म्हटलं तर पास, फिट टू सेंड म्हटलं तर नापास." मी म्हटलं, "पंत, हे मले येते." ते म्हणाले, "येत असेल तर उद्या सोलायला अवघड असं संत्रं आण." मी आणलं. हार्ड टू पील. परवा गळून पडायच्या बेतातलं. रेडी टू फॉल. रोज एक संत्रं, रोज एक गाठ. माझ्या आयुष्यात शाळा म्हणून जर काही झाली असेल तर ती हीच, आणि तिथं कोणी मला अंगठे धरायला लावले नाहीत.

मला वेडच लागलं. जे दिसेल त्याला मी गाठ मारत सुटलो. गल्लीतली म्हैस स्लो टू मूव्ह. टांग्याचं घोडं क्विक टू रन. ओव्हरब्रिजवरून करंड्या नेणारा हमाल श्युअर टू फॉल, आणि तो तिसऱ्या दिवशी खरंच पडला, त्याचा आळ लोकांनी माझ्यावर घेतला. छाटताना माझे हात चालायचे आणि तोंडही चालायचं, गुड टू ईट, फिट टू सेंड, फिट टू सेंड, गुड टू ईट. बुरूडही म्हणायला लागले. एक दिवस मायनं केलेल्या भाकरीला मी नाव ठेवलं नाही तरी ती चिडली, तेव्हा मी म्हटलं, "माय, यू आर हार्ड टू प्लीज." तिनं बाबांना विचारलं, "काय म्हणून राह्यला हो हा?" बाबा म्हणाले, "शिव्या नसतीन. महालातल्या पंतानं शिकोलं."

खरी मजा आली ती दोन आठवड्यांनी. पंतांनी पाटीवर एकाखाली एक दोन वाक्यं लिहिली. ही इज ईगर टू प्लीज. ही इज ईझी टू प्लीज. म्हणाले, पहिल्यात तो माणूस दुसऱ्यांना खूश करायला धडपडतो. दुसऱ्यात दुसरे त्याला खूश करतात, आणि तो चटकन खूश होतो. मी पाटी हातात घेतली. उलटी करून पाहिली. दोन्हीत शब्द तेवढेच, जागा त्याच, 'टू' ची गाठ तीच. एका शब्दाच्या बदलानं खूश करणारा खूश होणारा कसा झाला? मी वाद घातला. मला पटलं नाही की मी वाद घालतो, समोर कोणीही असो.

"पंत, हे कुठं लिवलं आहे? यात तो करते अन् त्यात त्याले करतात, हे या वाक्यात कुठं दिसून राह्यलं?"

"कुठंच दिसत नाही."

"मंग साहेबाले कसं समजते?"

पंतांनी ओट्यावरचं संत्रं उचललं आणि माझ्या हातात ठेवलं. "आतून साल सुटली आहे हे तुला कसं समजतं? वर लिहिलेलं असतं का?"

मी ओट्यावरून उडीच मारली. पंतांच्या सूनबाई बाहेर आल्या, काय झालं म्हणून. मी हातवारे करून त्यांनाच सांगायला लागलो की वाक्यंसुद्धा दाबून पाहायची असतात, बाहेरून रंग एकच असतो, ईगर म्हटलं की घट्ट, काम त्याच्याच अंगाला चिकटलेलं. ईझी म्हटलं की साल सुटली, काम दुसऱ्याच्या हातात गेलं! त्या बिचाऱ्या आत निघून गेल्या. मी धावत घरी आलो, वाटेत मनोहर दिसला, त्याला मोठ्यानं म्हटलं, "अंगठ्यानं दाबून पाहाता येते गा इंग्रजी! येते!" त्याला वाटलं मला ताप चढला. आजही सांगतो, मला त्यानंतर नोकरी मिळाली, लग्न झालं, मुलं झाली, पण त्या ओट्यावरच्या सकाळीइतका मी फार वेळा उडालो नाही. माझी नात रामदासपेठेत डॉक्टर आहे. ती म्हणते, आबा, व्याकरणात याला एक नाव आहे. असेल. मला नाव नको, मला फळ ओळखता येतं.

साहेबापुढं जायचा दिवस आला. मी धुतलेलं धोतर नेसलो, बाबांचा कोट घातला आणि दारात उभा राहून म्हटलं, "आय ॲम रेडी टू गो." मायनं अर्थ विचारला. मी सांगितला, जायला तयार आहे. ती कडाडली, "घरातून निंगताना 'जातो' म्हणते काय रे कोणी? 'येतो' म्हण." मग मी तिच्या समाधानासाठी "रेडी टू कम" म्हटलं आणि निघालो. बाबा आवारातून ओरडले, "काहून घाबरून राह्यला? संत्रं तं तेच हाय."

गोदामात तिघेच होतो. मी, मनोहर आणि इतवारीकडचा एक दलाल. साहेबाच्या मेजाजवळ जमिनीवर एक करंडी होती. मंडईतून सकाळी आलेल्या मालातून बडेबाबूंनी कोणतीही एक उचलून आणलेली. सगळ्यांना तीच करंडी आणि एकच प्रश्न: हा माल कलकत्त्याला पाठवावा का? आम्ही दाराबाहेर बाकावर, आतलं सगळं ऐकू येत होतं. दलालानं फटीतून एकदा बोट घातलं आणि चार वेळा यस सर म्हटलं. मनोहर गेला, त्यानं फळाला हातही लावला नाही, पण इंग्रजी अशी सोडली की बडेबाबूंनी मान डोलावली. आय ॲम व्हेरी हॅपी टू से सर, असं करून त्यानं संत्र्याचा रंग, नागपूरची हवा आणि साहेबाची कंपनी, तिन्हींची स्तुती केली. मी बाहेर बसून मनात म्हटलं, ईगर टू प्लीज.

माझं नाव पुकारलं. आत गेलो, खाली पाहिलं, आणि मला हसूच फुटलं. दोन फेरे सुलटे, एक उलटा, शेपूट आत खोचलेलं. बाबांची गाठ! त्या दिवशी देवच आमच्या आवारात राहायला आला आहे असं वाटलं. आता पाहायचं काय? माझ्या बापानं भरलेली करंडी. वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं, आय ॲम ग्लॅड टू से सर, इट इज फिट टू सेंड. पण हाताला सवय. तोंड उघडता उघडता मी वाकलो आणि फटीतून अंगठा आत घातला. साल खाली गेली.

एखादं फळ नजरचुकीनं जातं. मी दुसऱ्या बाजूनं घातला. खाली गेली. तिसऱ्या बाजूनं. एक घट्ट, शेजारचं सुटलेलं. साहेब वाट पाहत होता, दारात मनोहर डोकावत होता. मी नुसतं फिट टू सेंड म्हटलं असतं तर कोणाला कळलं असतं? करंडी कलकत्त्याला गेली असती, तिथं सडली असती, आणि तोवर मी नोकरीला लागलेलो असतो. आणि नाही म्हटलं तर बाबांचा माल कंपनीच्या दारातून परत, तोही त्यांच्या मुलाच्या तोंडून. मंडईत तीस वर्षं एकही करंडी परत न आलेला माणूस. पण फटीतून तीन-चार फळं लागली म्हणून अख्खी करंडी वाईट म्हणणं, हाही बाबांवर अन्यायच. नक्की सांगायचं तर गाठ सोडायला पाहिजे होती. मी तिच्याकडं पाहत राहिलो. मग मी शेपूट ओढलं, उलटा फेरा सोडला, सुलटे दोन सोडले, झाकण काढलं आणि वरचा थर एकेक करून साहेबाच्या पायाशी मांडत गेलो. सुटलेली एकीकडं, घट्ट एकीकडं. सुटलेल्यांची रांग लांब झाली.

साहेबानं काहीतरी विचारलं. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "सर, आय ॲम सॉरी टू से. ईझी टू पील. गुड टू ईट. नॉट फिट टू सेंड."

बडेबाबू पुढं आले. "अरे, गाठ क्यों खोली? किसकी करंडी है, मालूम है?"

"मालूम आहे. माह्या बापाची आहे."

बडेबाबूंनी साहेबाला ते इंग्रजीतून सांगितलं. साहेबानं माझ्याकडं पाहिलं, त्या लांब रांगेकडं पाहिलं, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, हळू, एकेक शब्द सुटा करून. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. मग त्यानं सुटलेल्यांतलं एक उचललं, नख लावलं तशी साल अख्खी उतरली. दोन फोडी तोंडात टाकल्या. रस मनगटावरून कोटाच्या बाहीत गेला. तो म्हणाला, "गुड टू ईट!" आणि इतका मोठ्यानं हसला की बाहेरचा चपराशी आत आला.

नोकरी मला मिळाली. पण मी दाराबाहेर पडताना बडेबाबू म्हणाले, "कल से काम पर आ. और तेरे बाप को बोल, कल की करंडी भी ऐसी निकली, तो कंपनी तुम्हारे आंगन का माल नहीं लेगी." मनोहर बाकावर बसून होता. तो फक्त एवढंच म्हणाला, "बापाची गाठ सोडली गा तू?" त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

घरी येताना मी कधी धावत होतो, कधी थांबत होतो. नोकरीचा आनंद असा की रस्त्यात अनोळखी माणसाला सांगावंसं वाटे, आणि पुढच्याच पावलाला बाबांची सुटलेली गाठ आठवे. दिवेलागणीला पोचलो. आवारात जाळ विझत आला होता, त्यात रोडगे. मायनं विचारलं, मी सांगितलं नोकरी लागली. तिनं देवापुढं साखर ठेवली, बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग मी राहिलेलं सांगितलं. बसलो नाही, उभ्यानंच सांगितलं.

बाबा माझ्यापुढं येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "सुटलेलं? माह्या करंडीत?"

त्या करंडीतलं एक मी खिशात आणलं होतं. ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा दाबला. मला दिसत होतं, मायला दिसत होतं, साल खाली जात होती. बाबा म्हणाले, "घट्ट तं आहे." त्यांनी दुसरीकडून दाबलं, तिसरीकडून दाबलं, मग आमच्या तोंडांकडं पाहिलं. माय उठली. तिनं त्यांचा उजवा हात धरून दिव्याजवळ नेला. अंगठ्याला आणि दोन बोटांना फोड आले होते, काही फुटलेले, काही नवे. रोडग्यांचे. ती म्हणाली, "दुखत नाही काय हो तुमाले हे?"

"नाही."

"कवापासून?"

"दिवाळीपासून असंन. म्हटलं थंडीनं बधिर झाले. जातीन." त्यांनी हात मागं घेतला. नंतर वैद्यानं सांगितलं की वातानं बोटं मेली, तेल लावा, शेक द्या. पण त्या संध्याकाळी आम्हाला एवढंच कळलं की ज्या हाताचं आम्ही गल्लीभर कौतुक सांगत होतो, त्या हाताला विस्तवही कळत नव्हता आणि संत्रंही.

"गाठ कोनं सोडली?" बाबांनी विचारलं.

"म्या."

"चारचौघात?"

"हो."

त्यांनी चिमट्यानं एक रोडगा ओढला. चिमटा हातात घेतलेले बाबा मी त्या वर्षी पहिल्यांदा पाहिले. राख झटकली, तो माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाले, "बरं केलं. दुसऱ्या कोनं सोडली असती तं म्या त्याचं टकुरं फोडलं असतं, अन् माहीच चूक निंगाली असती." थोड्या वेळानं म्हणाले, "साहेबाले काय म्हटलं तू? पुन्हा म्हण बरं." मी म्हटलं. त्यांनी तीनदा म्हणायला लावलं. मग स्वतः म्हणून पाहिलं, "फिट टू सेन." मायला म्हणाले, "पाह्य वं. साहेबाच्या भाषेत बी 'कायले चांगलं' इचारतात. मले वाटलं, माह्याच बापानं काढलं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाड्या येऊन ढीग पडला, तेव्हा मी कोट खुंटीलाच ठेवला आणि बाबांच्या उजव्या हाताला जाऊन बसलो. हात धुतला, अंगठा धोतराला पुसून कोरडा केला. एकेक फळ मी दाबायचो आणि म्हणायचो, गुड टू ईट, की माय ते आपल्या टोपल्यात टाकायची. फिट टू सेंड, की बाबा ते माझ्या हातातून घेऊन गवतावर मांडायचे. त्यांनी एकाही फळाला पुन्हा अंगठा लावला नाही. करंडी भरली, झाकण बसलं. बाबांनी सुतळी घेतली, दोन फेरे सुलटे, एक उलटा, शेपूट आत. गाठीला बोटांची जाण लागत नव्हती, तीस वर्षांची सवय पुरत होती. मग त्यांनी करंडीवर थाप मारली, मी ती डोक्यावर घेतली, माय दारात उभी होती तिला "येतो" म्हटलं, आणि कंपनीच्या फाटकाकडं चालू लागलो.